भूगोलाला बस नाही

"इकॉनॉमिक्सला बस हाय. पॉलिटिकलला बस हाय. मराठीला तर हायेच हाय. भूगोलाला बस न्हाई, चाची."

हे मला कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात एका पोरीनं सांगितलं, आणि तेव्हापासून माझं डोकं जे तापलंय ते अजून निवलेलं नाही. रागावले की मला गोष्ट सांगायला जास्त मजा येते, हा माझा जन्माचा खोडसाळपणा आहे. तेव्हा बसा.

मी जुन्नरची बांगडीवाली. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंच्या मागोमाग पेटी घेऊन पश्चिमेकडच्या वाड्यावस्त्या पायी पालथ्या घातल्या. पुढे बाजारपेठेत दुकान झालं. तालुक्यातल्या निम्म्या मनगटांची मापं माझ्या बोटांना पाठ आहेत. बारावी लग्नाआधीच झाली होती. आता दोन्ही मुलं चाकणला कंपनीत लागली, दुकान धाकट्या जावेनं हातात घेतलं, आणि एके दिवशी जेवताना मी जाहीर करून टाकलं की मी कॉलेजात नाव घालतेय. आमचे हे रस्सा ओरपत होते. भांडं खाली न ठेवता म्हणाले, "घाल. फक्त घरी येऊन मला शिकवू नकोस."

कॉलेज कुठलं ते सांगणार नाही. सांगितलं तर माझ्या शेवटच्या वर्षाचं काय होईल?

प्रवेश घेतला की एक रंगीत माहितीपुस्तिका देतात. मी ती रात्री उशाशी घेऊन वाचली. काय काय होतं त्यात! मेजर विषय, मायनर विषय, ग्रंथालय, भूगोलाची प्रयोगशाळा, करिअर मार्गदर्शन कक्ष, विद्यार्थिनींसाठी विश्रांतीची खोली. मला वाटलं, आपण लग्नाच्या पंगतीत बसलोय आणि समोरून जिलेबी, मठ्ठा, भजी सगळं येतंय. आता आपल्या पानापर्यंत किती पोचतं ते तुम्हाला पंगतीचा अनुभव असेल तर ठाऊक असेलच.

विषय लिहून द्यायला खिडकीवर गेले. आतल्या क्लार्कनं माझ्या दुकानातून बायकोसाठी दोनदा पाटल्या नेल्या होत्या, त्यामुळे तो आपुलकीनं बोलला.

"भाभी, मराठी घ्या. सोपं जाईल."

"सोपंच करायचं असतं तर घरी बसले नसते का? भूगोल लिहा."

"भूगोल हाय, पण उघडंल का न्हाई सांगता येत न्हाई. पोरं भरली तर उघडतो."

म्हणजे वडापच्या जीपसारखं. सीट भरल्या की सुटणार, नाही भरल्या तर ड्रायव्हर बिडी ओढत उभा. मला भूगोलच हवा होता, कारण इतकी वर्षं ज्या डोंगरांतून पायपीट केली ते वरून कसे दिसतात हे मला एकदा बघायचं होतं. पण माझं सोडा. माझं पोट भरलेलं आहे. ही गोष्ट त्या पोरीची आहे.

पोरगी मढच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतली. तिच्या आईच्या डोहाळजेवणाला हिरव्या बांगड्या मीच भरल्या होत्या, म्हणजे ही आईच्या पोटात असल्यापासून माझ्या ओळखीची. खिडकीच्या रांगेत माझ्यामागे उभी होती. मी भूगोल लिहिला तेव्हा तिनं माझ्या कागदाकडे असं पाहिलं, जसं बायका काचेच्या कपाटातल्या महागड्या चुड्याकडे पाहतात. हात लावत नाहीत, नुसतं पाहतात. ही नजर मला चांगली ओळखू येते. माझा धंदाच आहे तो.

"तुला पण पाहिजे ना?" मी विचारलं.

तेव्हा तिनं ते बसचं सांगितलं.

मला कळेना. बाकावर बसवून नीट विचारलं. तिचं म्हणणं असं: भूगोलाचं प्रॅक्टिकल दुपारी असतं. पश्चिमेकडची बस दुपारचं जेवण व्हायच्या आत सुटते. त्यानंतरची संध्याकाळची. ती फाट्यावर सोडते तेव्हा अंधार पडलेला असतो, आणि फाट्यापासून वाडीपर्यंत चालत.

"अन् अंधारात बिबट्या," ती म्हणाली. "त्यो काय मला थांबवून भूगोल विचारणार हाय का?"

एसटीचा यात काही दोष नाही, ती बिचारी तिच्या वेळेला येते. बिबट्याचाही नाही. पण आमच्याकडे अशी रीतच पडून गेली आहे. पश्चिमेकडच्या घरांतून पोरगी कॉलेजला निघाली की आईबाप तिला काय आवडतं ते विचारत नाहीत, कुठला विषय दुपारच्या आत संपतो ते विचारतात. महाळुंगे पडवळकडची, राजुरीकडची पोरं मोटारसायकली उडवत येतात, त्यांना सगळे विषय मोकळे. इकडच्या पोरींचे विषय स्टँडवर ठरतात. आणि पोरींना ते इतकं अंगवळणी पडलंय की त्या 'इकॉनॉमिक्सला बस आहे' हे वाक्य 'इकॉनॉमिक्सला चांगले सर आहेत' अशा थाटात बोलतात.

"पण तुला भूगोल कशाला हवाय?" मी विचारलं.

"आमच्या न् चुलत्याच्या बांधाची मोजणी झाली तवा मोजणीवाले आले व्हते. दुर्बीण लावली, तीन पायांवर. पट्टी धरायला माणूस न्हवता, मी धरली. दिसभर उनात उभी व्हते. शेवटी म्हणलं, सायेब, मला त्यातून एकदा बघू द्या. तर म्हणला, पोरी, हे खेळणं न्हाई." तिनं ओढणी नीट केली. "मला ते शिकायचं व्हतं. पण ऱ्हाऊ द्या. इकॉनॉमिक्स बी चांगलं असतं म्हणत्यात."

रडली असती, चिडली असती तर मी तिला दोन शब्द समजावले असते आणि दुकानाकडे गेले असते. पण ती शांत होती. वयात आलेल्या पोरीनं लहानपणीचा परकर घडी घालून ट्रंकेत ठेवावा, तशी तिनं आपली इच्छा ठेवून दिली होती. मला इतका राग आला की हातातला पेन मोडला. पेन क्लार्कचा होता.

"विषय बदलायला आठवडाभर मुदत आहे," मी म्हटलं. "चल, बघू तरी कॉलेजात काय काय आहे. पुस्तिकेत लिहिलंय ना सगळं?"

पहिल्यांदा मार्गदर्शन कक्ष. दारावर झोकदार पाटी. आत एक वयस्कर प्राध्यापक डबा खात बसले होते. आम्हाला पाहून ते दचकले, घास हातात तसाच.

"मार्गदर्शन पाहिजे होतं," मी म्हटलं.

"कुणाला?"

"आम्हाला."

त्यांनी घास डब्यात ठेवला. "ताई, खरं सांगू? मी इथं जेवायला बसतो. कारण इथं कधीच कोणी येत नाही." मग बिचाऱ्यांनी आम्हाला बसवून घेतलं, लोणचं दिलं, आणि ते इतिहासाचे असल्यामुळे इतिहास घ्या म्हणाले. इतिहासालाही बस होती.

मग ग्रंथालय. काचेची कपाटं, प्रत्येकाला कुलूप. एका कपाटात मोठाले नकाशांचे ग्रंथ आडवे रचलेले दिसत होते. ग्रंथपाल म्हणाले, "पुस्तकाचं नाव सांगा, काढून देतो."

"काय काय आहे ते बघू दे, मग नाव सांगते."

"आधी नाव, मग पुस्तक."

"अहो, मी बांगड्या विकते. बाई आली की आधी डझनभर माळा समोर टाकते. 'नाव सांगा, मग बांगडी दाखवते' असं म्हटलं असतं तर माझी पोरं उपाशी मेली असती."

"इथं बांगड्या नाहीत," ते गंभीरपणे म्हणाले. पोरगी मागे तोंडावर ओढणी धरून हसत होती. तेवढं एक बरं झालं.

शेवटी भूगोलाची प्रयोगशाळा. इमारतीच्या टोकाला, मोठी लांबलचक खोली. आम्ही जवळ गेलो तर आतून आरडाओरडा. पोरं एका सुरात उत्तरं देत होती, महाराष्ट्रात जिल्हे किती, सर्वात लांब नदी कोणती. मी खूश झाले. म्हटलं, बघ, भूगोल तर जोरात चाललाय! दार ढकललं. आत अर्ध्या चड्डीतली पोरं, पायाला मैदानाचा चिखल, गळ्यात शिट्टी अडकवलेला एक मास्तर. पोलीस भरतीचा क्लास! त्यातला एक पोरगा राजुरीचा, त्याच्या बहिणीच्या लग्नाचा चुडा आमच्याच दुकानातला.

"चाची, तुमी हितं?"

"भरतीला आले. उंची बसेल का बघा."

"उंचीचं जमवू, पण दौड मारावी लागंल!"

सगळे हसले, मीही हसले. मग नजर भिंतीकडे गेली. तीन पायांची ती मोजणीची घोडी ओळीनं उभी होती, आणि त्यांच्यावर पोरांच्या बॅगा, घामेजलेले टीशर्ट, एकावर तर ओला टॉवेल वाळत टाकलेला. लाकडी पेट्यांवर चहाचे कप. पोरगी ओल्या टॉवेलाकडे पाहत उभी राहिली. मी माझं हसू गिळलं.

भूगोलाचे सर बाहेर व्हरांड्यात सापडले. तरुण, सडपातळ, तासावर नेमलेले. जितके तास घेतील तितकाच पगार. त्यांनी इकडेतिकडे पाहत हळू आवाजात सांगितलं की क्लास संस्थेतल्या बड्या साहेबांच्या भाच्याचा आहे, सकाळभर खोली त्याच्याकडे असते, म्हणून प्रॅक्टिकल दुपारी ढकललं.

"सकाळी घ्यायला वेळ तरी आहे का?"

"मंगळवारी सकाळी मधले दोन तास सगळ्यांनाच मोकळे आहेत. मी तयार आहे. खोली नाही."

"मग बोला ना तुम्ही."

"मॅडम, मी बोललो तर माझे तासच जातील."

आता ही माळ कशी ओवली गेलीय बघा. भाच्याला खोली हवी, म्हणून प्रॅक्टिकल दुपारी. प्रॅक्टिकल दुपारी, म्हणून पश्चिमेच्या पोरी येत नाहीत. पोरी येत नाहीत, म्हणून संख्या भरत नाही. संख्या भरत नाही, म्हणून एक दिवस फळ्यावर लागणार की विद्यार्थ्यांना भूगोलात रस नाही, विषय बंद. मग खोली पूर्णपणे भाच्याची. आणि कोणाला विचाराल तर प्रत्येकजण चांगला. क्लार्क आपुलकीचा, इतिहासवाले लोणचं देणारे, भूगोलवाले तळमळीचे. भरतीची पोरं तर आपलीच लेकरं, त्यांनाही बसायला जागा हवी. रागवायचं कोणावर? याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

प्राचार्यांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा मागवला, म्हणाले, "सूचना चांगली आहे. दिवाळीनंतर बघू."

"विषय बदलायची मुदत शनिवारी संपते."

"हो ना," ते हळहळून म्हणाले. जणू ती मुदत दिल्लीहून कोणीतरी घातली होती.

शुक्रवारी नव्या विद्यार्थ्यांचं स्वागत होतं. हॉल भरलेला. बडे साहेब स्वतः आले, पांढरेशुभ्र, तासभर बोलले. या महाविद्यालयात सर्व सोयी तुमच्यासाठी खुल्या आहेत, ज्ञानाची दारं सताड उघडी आहेत, वगैरे. शेवटी म्हणाले, "कोणाला काही अडचण असेल तर मोकळेपणानं सांगा. आम्ही घरचेच आहोत."

असं म्हटल्यावर आपल्याकडे कोणी काही सांगायचं नसतं. टाळ्या वाजवायच्या असतात. पण माईक घेऊन फिरणारा पोरगा माझ्या शेजारून चालला होता, आणि माझे हात लांब आहेत.

"साहेब, अडचण काही नाही. एक शंका आहे," मी उभी राहिले. "भूगोलाच्या खोलीत सकाळभर पोलीस कशाला बसवलेत? नकाशे चोरीला जातात का?"

हॉल हशानं फुटला. भरतीची पोरं मागे शिट्ट्या मारायला लागली, त्यांना वाटलं आपलं कौतुक चाललंय. बडे साहेबही हसले, हसता हसता प्राचार्यांकडे पाहिलं, आणि मला कळलं की हे आता हसण्यावारी जाणार. लोक चार दिवस म्हणतील, बांगडीवालीनं काय मजा आणली! आणि शनिवार उलटेल. माझं हे नेहमीचं आहे. मी हसवते आणि लोक मूळ मुद्दा विसरून घरी जातात.

तेवढ्यात माझ्या हातातला माईक कोणीतरी ओढला. पोरगी उभी होती.

"सर," ती म्हणाली, "प्रॅक्टिकल सकाळी झालं तर आमी पश्चिमेकडच्या पोरी भूगोल घेऊ. आमची बस दुपारची हाय. दुसरं काय न्हाई."

मग मागच्या रांगेतून एक पोरगी उठली. "मी बी घेईन." मग आणखी एक. मग मढच्या बाजूच्या सगळ्याच. कोणी हसलं नाही. भरतीच्या पोरांतला तो राजुरीचा पोरगा मोठ्यानं म्हणाला, "आमी स्टेजवर बसू की राव! आमचं काय, जागा कुठलीबी चालंल!" त्याच्या शिट्टीवाल्या मास्तरानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्याची भरती तिथंच रद्द झाली असती.

मग बड्या साहेबांनी हात वर केला आणि शांत, भारदस्त आवाजात म्हणाले, "मी स्वतः याच विचारात होतो."

तुम्ही टाळ्यांचा आवाज ऐकायला हवा होता.

शनिवारी पोरीनं विषय बदलला. क्लार्कनं लिहिताना माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले आणि नवा पेन मागून घेतला. भूगोल भरला, सुटला. मला वाटलं संपलं. पण ही माणसं आपला राग असा सहजासहजी विझू देत नाहीत.

पुढच्या आठवड्यात फाटकावर फ्लेक्स लागला. 'ग्रामीण विद्यार्थिनींसाठी भूगोलाची प्रभात तुकडी: संस्थेचा अभिनव उपक्रम.' मध्ये बडे साहेब, हात जोडलेले. बाजूला भाचा, 'संकल्पना' असं लिहून. त्याची संकल्पना! खाली कुठल्याशा परक्या शहरातल्या, पदवीच्या काळ्या टोप्या घातलेल्या पोरींचं चित्र. आणि उद्घाटन कधी? मंगळवारी. त्याच दोन तासांत. पहिल्या प्रॅक्टिकलच्या वेळेत!

पोरगी फ्लेक्सखाली उभी होती. "चाची, पयल्याच दिवशी बुडणार." ती आता शांत नव्हती. नाकपुड्या फुगल्या होत्या. मला मनातून फार बरं वाटलं.

मंगळवारी खोलीपुढे मांडव. नारळ फुटला, फीत कापली गेली, आणि पाहुणे भाषणांसाठी खुर्च्यांवर परत आले. पोरींना पुढच्या दोन रांगांत बसवलं होतं, शोभेला. बेत असा होता की भाषणं झाली की बडे साहेब फोटोग्राफरला घेऊन आत जाणार, पोरींना घोड्यांभोवती उभं करून फोटो काढणार, मग नाश्ता, आणि मग बसची वेळ.

प्राचार्य मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, ज्येष्ठ विद्यार्थिनी म्हणून तुम्ही आभार माना. दोनच मिनिटं."

माझ्या हातात माईक, आणि तो त्यांनी स्वतः दिलेला! मी सरांकडे पाहिलं, सर व्हरांड्याच्या खांबाला चिकटून उभे होते. पोरीकडे पाहिलं, मग उघड्या दाराकडे. तिला दोनदा सांगावं लागलं नाही, ती आत सटकली.

मी सुरुवात केली. बड्या साहेबांचे आभार मानले, मग त्यांच्या दूरदृष्टीचे, मग त्यांना ही दूरदृष्टी नेमक्या शुक्रवारी सुचली त्या शुक्रवारचे. भाच्याचे मानले, की त्यांनी इतकी वर्षं ही खोली रिकामी पडू दिली नाही आणि घोड्यांवर टॉवेल वाळवून त्यांना गंज चढू दिला नाही. पाहुणे हसत होते, पण जरा कमी. दुसऱ्या रांगेतली आणखी एक पोरगी उठून आत गेली. मग दोघी. सर खांबापासून सुटले आणि त्यांच्या मागोमाग गेले. मी मांडववाल्याचे आभार मानले, नारळवाल्याचे मानले. ग्रंथपालांचे मानले, की पुस्तकं इतकी जपली की एकाही पानाला माणसाचा हात लागला नाही. मार्गदर्शन कक्षातल्या लोणच्याचे मानले, ते मात्र मनापासून. आतून टेबलं सरकवल्याचा आवाज येत होता, आणि प्रॅक्टिकल सुरू केलेल्या सरांचा आवाज, हळूहळू चढत जाणारा. पुढच्या दोन्ही रांगा रिकाम्या झाल्या होत्या. फोटोग्राफर उठायला लागला, तसे मी फोटोग्राफरचे आभार मानले. नाव घेतल्यावर त्याला बसावंच लागलं.

बडे साहेब घड्याळाकडे पाहायला लागले. भाचा पोरींच्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत होता आणि त्याच्या लक्षात येत होतं. तो अर्धवट उठला. मी त्याच्या आईवडिलांचे आभार मानायला घेतले. आईवडिलांचं नाव निघाल्यावर उठून जाणं बरं दिसत नाही. तो बसला.

थोड्या वेळानं प्राचार्यांनी शिपाईमामांच्या हाती चिठ्ठी पाठवली. 'आवरा.' मी ती माईकवर वाचून दाखवली, चिठ्ठी पाठवणाऱ्यांचे आभार मानले, आणणाऱ्यांचे मानले, आणि म्हटलं, आता गेल्या कित्येक वर्षांत ज्या ज्या पोरींना भूगोल घेता आला नाही, त्यांच्या संयमाबद्दल एकेकीचे आभार मानायचे राहिलेत. मी त्यांना ओळखते. सगळ्यांची मनगटं माझ्या हातांखालून गेली आहेत. पहिली निमगिरीकडची, आता तिला तीन लेकरं आहेत...